तांडेलाची नाडी

लाँचमध्ये बसलेली माणसं समुद्राकडे बघतच नाहीत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी बाकावरून ताडकन उठले आणि माझा पाय थेट शेजारणीच्या सुकटीच्या टोपलीत गेला.

"आगं बाय, डोळे फुटले का काय तुझे?" ती ओरडली.

तिची क्षमा मागायचीही मला शुद्ध नव्हती. मी नुसती "सापडलं, मावशी, सापडलं!" म्हणत पायाची सुकट झटकत होते. माझी अंगठी-बिंगठी सापडली असेल असं वाटून आजूबाजूच्या दोघी बाकाखाली वाकून बघायला लागल्या.

सापडला होता तो माझ्या प्रबंधाचा विषय. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी मुंबईत मानसशास्त्रात एम.ए. करत होते. चौलला आमची सुपारीची वाडी. आमच्या आळीतली एवढी शिकणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे घरी जेवढं कौतुक तेवढीच धास्ती. मला वेड होतं ते एकाच गोष्टीचं. राग, भीती, आनंद माणसाच्या अंगात उठतात कुठे, आणि एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात कशा? या वेडाचा प्रबंध कसा करायचा, ते मात्र सहा महिने डोकं खाजवूनही सुचत नव्हतं. आणि ते सुचलं रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या सकाळच्या लाँचवर, सुकटीच्या वासात.

झालं होतं असं. खाडीचं पाणी जिथे उघड्या समुद्राला मिळतं, तिथे लाँच नेहमी एकदा या कुशीवर आणि एकदा त्या कुशीवर कलते. मी लहानपणापासून तिथे डोळे मिटून बसायची. त्या दिवशी उघडे ठेवले, तर काय! लाँच कलली आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, पण समुद्राकडे नाही, तांडेलाकडे. लाँचचं सुकाणू धरणारा तो तांडेल म्हणजे पन्नाशीचा, रुंद पंज्यांचा, कोणाशी फारसं न बोलणारा कोळी. त्याने शांतपणे कमरेची चंची सोडली, तळहातावर तंबाखू घेतली, वर बोटाने चुना लावला, चाक कोपराने दाबून धरलं आणि रमतगमत तंबाखू मळायला लागला. दोन थापट्या मारल्या, चिमूट ओठात ठेवली. बस्स! साऱ्या लाँचने श्वास सोडला आणि कोणाच्या तरी सुनेबद्दलच्या गप्पा तुटल्या होत्या तिथून पुन्हा सुरू झाल्या.

ही त्या लाँचची रीतच होती. तांडेल तंबाखू मळतोय ना, मग सगळं ठीक आहे. ही रीत घातली कोणी, ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि अशी काही रीत आहे हे तरी कुठे माहीत होतं!

माझे मार्गदर्शक म्हणजे अतिशय कडक गृहस्थ. मी धापा टाकत सांगितलेलं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोजणार कसं?"

आमच्या प्रयोगशाळेत नाडीचे ठोके उमटवणारं एक यंत्र होतं. काजळी धरलेल्या कागदाचा डबा गोल फिरायचा आणि त्यावर काडीने रेघ उमटायची. मी त्याच्याकडे आशेने बघितलं. ते म्हणाले, "त्यावरची नजर काढा. बुडालं तर भरून देणार आहात?" मग मी वडिलांचं खिशातलं घड्याळ मागून आणलं, काळ्या गोफात ओवून गळ्यात घातलं आणि बोटांनीच नाडी मोजायचं ठरवलं. यंत्र नाही तर नाही!

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मी रेवसला आत्याकडे मुक्काम ठोकला. रोज सकाळी लाँचने धक्क्याला जायचं, दुपारच्या लाँचने परत यायचं. रोज ये-जा करणारी बारा माणसं मी पटवली. त्यांत सगळ्यात आधी तयार झाली ती ज्या टोपलीत माझा पाय गेला होता ती सुकटवाली मावशी. पहिल्या दिवशी मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली तर म्हणाली, "दिवस राहिल्यात का ते बघतेस? साठी झाली माझी." सगळी लाँच हसली. पण बाई मोठी हुशार. चार दिवसांत घड्याळाचा सेकंदाचा काटा ओळखायला शिकली आणि माझ्याबरोबर स्वतः मोजायला लागली. तिचं मोजणं विशांचं. एक विशी झाली की एक बोट मिटायचं. गंमत म्हणजे माझा आकडा चुकायचा, तिचा नाही.

तांडेलालाही मी सगळं समजावून सांगितलं होतं. म्हटलं, "काका, मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक गाठ असते. भीती तिथे उठते असं आता शास्त्रज्ञ म्हणायला लागलेत."

"बदाम कोण बघतो आमच्यात? सुपारीएवढी म्हण."

"बरं, सुपारीएवढी. तिथे उठते आणि छातीत धडधडते. पण तुमचं तोंड शांत दिसलं की या सगळ्यांची धडधड थांबते. म्हणजे तुमच्या तोंडाचा त्यांच्या सुपारीशी संबंध आहे!"

"माझ्या तोंडाचा संबंध तंबाखूशी हाय," तो म्हणाला आणि चाक फिरवलं.

खाडीत एकदा, तोंडाशी एकदा आणि पार झाल्यावर एकदा, अशी तीनदा नाडी. पंधरा दिवसांत वही भरत आली. तोंडाशी नाडी उडायची, तंबाखू मळली की बसायची. अगदी रोज! मी रात्री आत्याच्या ओटीवर वही उराशी धरून झोपायची, एवढं सांगितलं म्हणजे कळेल माझी अवस्था काय होती ती.

आणि मार्गदर्शकांनी वही चाळून मिटली. "यातून काहीच सिद्ध होत नाही. तांडेल शांत म्हणून लोक शांत, की लाट ओसरली म्हणून लोक शांत? समुद्र शांत आहे, पण तांडेल घाबरलेला दिसतोय, आणि तरी नाड्या वाढल्या, असं दाखवा. जूनच्या आत. नाहीतर गिरणी कामगारांच्या थकव्याची प्रश्नावली तयार आहे, ती घ्या."

थकव्याची प्रश्नावली! ऐकूनच मला थकवा आला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मी तांडेलाला गाठलं. "काका, एकदाच. एकदाच घाबरल्यासारखं करा ना."

"कोणासमोर?"

"लाँचवर. खाडीच्या तोंडाशी. पाणी शांत असेल त्या दिवशी. मी पटापट सगळ्यांच्या नाड्या बघीन आणि मग लगेच सांगू, गंमत केली म्हणून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तुझ्या बापाच्या वाडीत जाऊन मी एकेका पोफळीच्या बुंध्यावर कोयता घातला, तर चालंल? एकदाच? मंग लगेच सांगीन, गंमत केली."

मी घड्याळाचा गोफ बोटाला गुंडाळायला लागले.

"बाय, हे तोंड माझ्या एकट्याचं न्हाय. ह्या लोकांनी माझ्याकडं ठेवायला दिलंय."

मला इतका राग आला! माझा अख्खा प्रबंध याच्या एका तोंडावर अडलाय आणि हा मला पोफळी शिकवतोय. मी रुसले. चांगले दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याचं काही अडलं नाही, तो एरवीही बोलत नव्हताच. तिसऱ्या दिवशी मीच नाक मुठीत धरून गेले. "बरं, घाबरू नका. निदान तुमची नाडी तरी बघू द्या. खाडीच्या तोंडाशी, एक मिनिटभर. यात कोणाचं काही जात नाही."

"बघ," तो वैतागून म्हणाला. "पण झटपट."

यात कोणाचं काही जात नाही! हे वाक्य आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या सकाळी समुद्र ताटात घेतलेल्या पाण्यासारखा सपाट होता. तोंडाशी आलो. मी तांडेलाजवळ जाऊन उभी राहिले, त्याचा डावा हात धरला, मनगटावर बोटं टेकवली आणि घड्याळ डोळ्यांपुढे धरलं. उजवा हात चाकावर, डावा माझ्या हातात. तंबाखू मळणार कशाने? हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मोजतेय, मोजतेय, आणि पाठीमागे सगळं एकदम चिडीचूप. इंजिनाचा तेवढा आवाज. मग एका बाईचा बारीक स्वर ऐकू आला, "एकवीरे आई, सांभाळ गं."

मी वळून बघितलं. सगळी लाँच आमच्याकडे डोळे फाडून बघत होती. तांडेलाने तंबाखू काढली नाही. उलट शिकलेली बाई घड्याळ लावून त्याची नाडी बघतेय. म्हणजे काय समजायचं माणसांनी?

माझा आकडा चुकला होता, पण आता त्याची पर्वा कोणाला होती! मी तांडेलाचा हात टाकला आणि बाकांवर धावले. एकेकाचं मनगट धरलं. पळतायत! सगळ्यांच्या पळतायत! पाणी सपाट, लाँच सरळ, आणि नाड्या वादळात असाव्यात तशा. मावशीने तर स्वतःच मोजून बोटं माझ्यासमोर नाचवली. मार्गदर्शकांनी मागितलं होतं ते न मागता माझ्या ओंजळीत पडलं होतं. सांगायला लाज वाटते, पण माणसं देवाचा धावा करत होती आणि मी मनातल्या मनात फुगड्या घालत होते. त्या दिवसाचे आकडे माझ्या प्रबंधात आहेत. हो, वापरले मी. खोटं कशाला सांगू?

पण दुसऱ्या दिवशी सकाळी लाँच अर्धी रिकामी. तिसऱ्या दिवशी त्याहून रिकामी. तासाभराने दुसऱ्या मालकाची एक लाँच सुटायची, माणसं तिच्यासाठी थांबायला लागली होती. तांडेलाला छातीचं दुखणं आहे, कधी चाकावर मान टाकील सांगता येत नाही, असं अलिबागपर्यंत पोहोचलं होतं. मी धक्क्यावर उभी राहून घसा फोडून सांगितलं, "अहो, तांडेल ठणठणीत आहे! मी डॉक्टर नाही!" लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे. डॉक्टर लोक असंच सांगतात म्हणायचे. आठवड्याभरात चौलहून वडिलांचं पत्र आलं. लिहिलं होतं, "रेवसच्या तांडेलाला तपासायला मुंबईहून एक लेडी डॉक्टर येत असते असे ऐकतो. ओळख झाली तर तुझ्या आईच्या गुडघ्यांचे विचारून घे."

एरवी मी पोट धरून हसले असते. पण आदल्याच दिवशी लाँचचा मालक माझ्यासमोर तांडेलाला म्हणाला होता, "मोसम संपेस्तोवर माणसं परत आली नाहीत, तर नारळी पुनवेनंतर सुकाणूवर दुसरा माणूस बसवावा लागेल मला. नाइलाज आहे."

पंचवीस वर्षं तो माणूस त्या चाकावर होता. मी मालकाला सांगायला तोंड उघडलं, की चूक माझी आहे. तांडेलाने हातानेच मला थांबवलं. मालक गेल्यावर मला रडू फुटलं. "काका, मला शिव्या तरी द्या," मी म्हणाले. त्याने दिल्या नाहीत. तंबाखूची पिंक टाकली आणि दोर सोडायला गेला. त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पावसाळ्यासाठी लाँच बंद होण्याआधीचा, मोसमाचा शेवटचा शनिवार उजाडला. दुपारी भाऊच्या धक्क्यावर दुसरी लाँच बिघडून पडली होती. त्यामुळे रेवसला जायचं तर आमच्या तांडेलाशिवाय इलाज नव्हता. पळालेली सगळी गिऱ्हाइकं तोंडं पाडून चढली. मावशी तेवढी पळाली नव्हती. रिकामी टोपली घेऊन ती माझ्या शेजारी येऊन बसली. "आज बघ कशी मेंढरागत आली," ती म्हणाली.

अर्ध्या वाटेत वारं उठलं. पाऊस नाही, काही नाही, नुसतं वारं, आणि तेही आडवं. खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत लाटांचं पाणी बाकांवर यायला लागलं. लाँच अशी कलली की टोपल्या या काठावरून त्या काठाला गेल्या. एक बाई उठून दुसऱ्या बाजूला पळाली, तिच्यामागे चौघं उठली. माणसं अशी एका बाजूला धावली की लाँच उलटायला लाट लागत नाही. आणि सगळ्यांच्या माना वळल्या तांडेलाकडे.

तांडेलाचे दोन्ही हात चाकावर होते. चाक त्याच्या हातांतून निसटू बघत होतं. तंबाखू मळायला त्याला तिसरा हात कुठून असणार? मला ते कळत होतं, पण बाकांवरच्यांना फक्त एवढंच दिसत होतं की आजही त्याने चंची काढली नाही. मी धडपडत त्याच्याजवळ पोचले. त्याने मान न वळवता म्हटलं, "कमरेची चंची काढ. मळ."

"मी?"

"मग काय मेलेला बाप येनार हाय माझा? तिकडं तोंड करून मळ. सावकाश."

चौलच्या सोवळ्या घरातली मी, एम.ए. होऊ घातलेली, तंबाखूला आयुष्यात हात न लावलेली! मी चंची सोडली. लोकांकडे तोंड करून, पाठ खांबाला टेकवून उभी राहिले. तळहातावर तंबाखू घेतली, चुना घेतला, अंगठ्याने मळायला लागले. ओल्या हाताला चुना झोंबत होता. माझी ती सुपारीएवढी गाठ नक्की फुटणार असं वाटत होतं. पण तोंड मी असं ठेवलं, जसं काही दुपारी ओटीवर बसून तांदूळ निवडतेय.

"अगो बाई, पोरगी तंबाखू मळते!" कोणीतरी म्हणालं.

कोणीतरी फिस्सकन हसलं. उठून पळालेली ती बाई जागच्या जागी थांबली आणि माझ्याकडे टकामका बघायला लागली. तेवढ्यात मावशी बाकांना धरत धरत माझ्यापाशी आली. काही न बोलता तिने माझ्या गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं आणि माझ्या मनगटावर तिची जाडजूड बोटं ठेवली. मी तिला शिकवली होती तशीच, अगदी बरोबर जागी. तिचे ओठ हलत होते. घड्याळाच्या हाताचं एक बोट मिटलं. दुसरं मिटलं. तिसरं.

ती माझ्या कानाशी आली. "तीन विशा, पोरी. आन् काटा अजून अर्ध्यावर हाय."

मी तिच्याकडे बघितलं. तिचीही नाडी तेवढीच धावत असणार. आणि मावशी लोकांकडे वळली, मोठी जांभई दिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मळते बरी, पण चुना लई घेते. सासरी काय धड लागायची न्हाय!"

लाँच खो खो हसली. माणसं बसली. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने शेजारणीला सांगितलं, "ह्ये काय वारं हाय? असली किती बघितली." असं सांगताना त्याने बाक इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. ती शेजारीण मांडीवरच्या पोराला गुदगुल्या करायला लागली. मी वेड्यासारखी एकेक तोंड बघत होते. मला वाटलं होतं, भीती न दाखवणारं तोंड लाँचवर एकच आहे आणि बाकीचे नुसते बघणारे. कसलं काय! जो तो शेजाऱ्यासाठी तोंड सांभाळून बसला होता. त्या वादळात, हातात तंबाखू धरून, मला पुन्हा एकदा "सापडलं" म्हणून ओरडावंसं वाटलं. पण आता ओरडायचं नव्हतं. मी मळत राहिले.

लाँच रेवसच्या धक्क्याला लागली तेव्हा मालक टोपी सांभाळत उभा होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मावशी त्याच्यासमोर टोपली आपटून म्हणाली, "ह्या तांडेलाला हात लावलास तर बघ. नारळी पुनवेनंतर माझी टोपली ह्याच लाँचवर येनार." मागून उतरणाऱ्यांनी "व्हय, व्हय" केलं. एकाने तर, दुसऱ्या लाँचवर कुणी जातं का, असं विचारलं, आणि हा पळालेल्यांतला पहिला होता! मालक म्हणाला, "मी कुठे काय म्हटलं?" मला मालकाच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

सगळी उतरली. इंजिन बंद झालं होतं, तरी तांडेल अजून चाकाला धरूनच बसला होता. माझ्या मुठीत ती तंबाखू तशीच होती. मी त्याच्यापुढे हात केला. त्याने चिमूट ओठात ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"चुना लई झाला."

"मावशीही तेच म्हणाली."

मग त्याने चाकावरून डावा हात सोडवला आणि माझ्यापुढे धरला. "घे. त्या दिवसाची राहिलीय तुझी."

मी त्याच्या मनगटावर बोटं टेकवली आणि घड्याळ बघितलं. पूर्ण मिनिटभर मोजली. तो आकडा मी कुठेही लिहिला नाही, इथेही लिहीत नाही. मोजता मोजता एकदा मान वर केली. तांडेल समुद्राकडे बघत नव्हता, घड्याळाकडेही नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बरी आहे, काका," मी म्हणाले, आणि तोंड अजिबात हलू दिलं नाही.